मनगटाचे ऑपरेशन होऊनही मुंग्या परत आल्या तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे वय ४९ आहे. ठाण्यात वर्तकनगरला राहता, घरूनच पोळ्यांच्या ऑर्डर घेता आणि रोज दीडशेच्या आसपास पोळ्या करता. तीन वर्षांपूर्वी उजव्या मनगटाचे कार्पल टनेलचे, म्हणजे मनगटातल्या बोगद्यात दबलेली नस मोकळी करण्याचे ऑपरेशन झाले आणि त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ हात उत्तम होता. गेल्या आठ महिन्यांपासून पुन्हा रात्री मुंग्या येऊन जाग येते, सकाळी बोटे जड वाटतात, आणि आता डाव्या हातानेही तशीच कुरकुर सुरू केली आहे. थायरॉइडची गोळी चालू आहे, साखर ‘बॉर्डरवर’ आहे. एका डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशन सांगितले, दुसऱ्यांनी मानेचा एमआरआय काढायला सांगितला, तिसऱ्यांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या देऊन तीन महिने थांबा म्हटले. पहिले ऑपरेशन फुकट गेले का आणि दुसरे करावे की नाही, असे तुम्ही विचारले आहे.

मी नौपाड्यात हाताच्या शस्त्रक्रियांचे काम गेली बावीस वर्षे करते आहे आणि ‘परत आलेला’ कार्पल टनेल घेऊन येणारे रुग्ण मला नियमित भेटतात. तुमचा हात मी पाहिलेला नाही, त्यामुळे खाली जे लिहीत आहे ते तुमच्या सांगण्यावर आधारलेले आहे. त्यातले बरेचसे तपासणीनंतर बदलू शकते. तरीही एक गोष्ट ठामपणे सांगता येते, ती अशी की दुसरे ऑपरेशन करायचे की नाही हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. त्याच्या आधी ‘परत आला’ म्हणजे नेमके काय झाले हे ठरवावे लागते. हे दोन शब्द रुग्ण तीन अगदी वेगळ्या अवस्थांसाठी वापरतात, आणि तिन्हींची कारणे व उपाय वेगळे आहेत.

त्यासाठी मनगटाची रचना थोडी समजून घेऊ. तळहाताच्या बुडाशी, मनगटाच्या लहान हाडांनी बनलेली एक खोलगट पन्हळ असते आणि तिच्यावर एक जाड, आडवा अस्थिबंध छपरासारखा ताणलेला असतो. या बोगद्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन नावाची एक नस जाते. बोगद्याच्या भिंती आणि छप्पर, काहीच सैल होणारे नसते. त्यामुळे आत थोडी जरी सूज आली तरी दाब वाढतो, आणि आतल्या सगळ्यांत नाजूक असल्यामुळे भरडली जाते ती नस. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा दाब प्रत्यक्ष मोजला गेला. निरोगी हातात, मनगट सरळ असताना, तो सरासरी अडीच मिलिमीटर पारा इतका होता. कार्पल टनेलच्या रुग्णांत तोच ३२ होता, आणि मनगट पूर्ण वाकवले की ९० च्याही वर जात होता. झोपेत आपण मनगट दुमडून उशीखाली किंवा गालाखाली घेतो. रात्रीच जाग का येते, याचे मोठे कारण तेच आहे.

ही नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अंगठ्याकडचा अर्धा भाग यांना संवेदना देते. करंगळी तिच्या हद्दीत नाही. तळहाताच्या मधल्या भागाची त्वचाही सहसा बचावते, कारण तिला जाणारी फांदी बोगद्याच्या आधीच सुटते आणि छपरावरून जाते. हा भूगोल ध्यानात ठेवा, कारण पुढचे निम्मे निदान त्यावर उभे आहे.

आता त्या तीन अवस्था पाहू. पहिलीत ऑपरेशननंतर त्रास एकदाही गेलेला नसतो. दुसरीत त्रास पूर्ण जातो, काही महिने किंवा वर्षे हात चांगला राहतो आणि मग तीच लक्षणे परततात. तिसरीत ऑपरेशननंतर आधी नव्हते असे काहीतरी सुरू होते, म्हणजे टाक्यांच्या रेषेवर विजेसारखी कळ, तळहातावर नवा बधिरपणा, बोटांत आधी नसलेली आग. या तिसऱ्या प्रकारात नसेच्या एखाद्या फांदीला इजा झाल्याची शंका घ्यावी लागते आणि तिथे वाट पाहत बसू नये.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत वारंवार आढळणारे कारण म्हणजे छप्पर पूर्ण न कापले जाणे. हे मी दुसऱ्या कुणाबद्दल सांगत नाही. काही वर्षांपूर्वी कळव्याच्या एका प्रेस ऑपरेटरचे ऑपरेशन मीच केले होते. त्याची रात्रीची जाग एकही दिवस थांबली नाही. मी त्याला चार महिने ‘नस सुधारायला वेळ लागतो’ असे सांगत राहिले. ते अर्धसत्य होते. बधिरपणा जायला महिने लागतात हे खरे, परंतु दाब खरोखर सुटला असेल तर रात्रीची जाग बहुधा काही दिवसांत थांबते, आणि त्याची थांबलीच नव्हती. शेवटी हात पुन्हा उघडला, तेव्हा बोटांकडच्या टोकाला अस्थिबंधाची काही मिलिमीटरची पट्टी तशीच ताठ उभी होती आणि तिच्याखाली नस दोरीने आवळावी तशी चपटी झाली होती. ती पट्टी कापायला दोन मिनिटेही लागली नाहीत. अस्थिबंध संपतो तिथे पिवळ्या चरबीचा एक लहानसा गोळा असतो. तो डोळ्यांना स्पष्ट दिसेपर्यंत टाके घालायचे नाहीत, हा नियम तेव्हापासून मी स्वतःला घालून घेतला आहे.

पहिल्या प्रकाराचे दुसरे कारण म्हणजे मुळात निदानच चुकलेले असणे, आणि तिसरे म्हणजे ऑपरेशन इतक्या उशिरा होणे की तोवर नसेतले तंतू कायमचे गेलेले असतात. तुमच्या बाबतीत हे तिन्ही संभवत नाहीत. दोन वर्षे तुम्ही शांत झोपलात, याचा अर्थ निदान बरोबर होते, छप्परही नीट उघडले होते आणि नस सुधारण्याइतकी सशक्त होती. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की ऑपरेशन फुकट गेलेले नाही. तुमची अवस्था दुसऱ्या प्रकारातली, म्हणजे खऱ्या अर्थाने परतलेल्या आजाराची दिसते.

हा दुसरा प्रकार का उद्भवतो? कापलेला अस्थिबंध कायम उघडा राहत नाही. दोन टोकांमध्ये व्रणाची नवी ऊती भरते आणि छप्पर पुन्हा जुळते, मात्र आधीपेक्षा लांब होऊन जुळत असल्यामुळे आतली जागा सहसा वाढलेलीच राहते. काही हातांत मात्र हा व्रण जाड होतो, किंवा नस त्याच्या खालच्या बाजूला चिकटून बसते. निरोगी नस मनगट आणि बोटे हलताना आपल्या जागी सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत पुढेमागे सरकते. चिकटलेली नस सरकू शकत नाही, ती प्रत्येक हालचालीला ओढली जाते. यात दाबापेक्षा ताण अधिक असतो, त्यामुळे अशा रुग्णांना मुंग्यांबरोबर हात लांबवला की मनगटातून कळही येते. दुसरे कारण म्हणजे कंडरांभोवतीच्या अस्तराची सूज. जागा वाढवली तरी आतला ऐवजही वाढत गेला, तर काही वर्षांनी बोगदा पुन्हा भरतो. क्वचित आत पाण्याची गाठही सापडते.

तुमच्या हकिकतीत मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील म्हणजे डावा हात. त्या हाताला कुणी चाकू लावलेला नाही, तिथे व्रण नाही, तरीही त्याच काळात तिथेही मुंग्या सुरू झाल्या. हा आजार दोन्ही हातांना होणे तसे नवलाचे नाही, पण दोन्ही हात एकदम बोलू लागले की मी मनगटाआधी बाकीच्या शरीराकडे पाहते.

पहिली तपासणी थायरॉइडची. थायरॉइड मंदावले की बोगद्यातल्या ऊतींमध्ये पाणी आणि चिकट द्रव्य साठते. ‘गोळी चालू आहे’ हे वाक्य माझ्यासाठी पुरेसे उत्तर नसते. माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या, त्यांची गोळी सहा वर्षे अखंड चालू होती आणि तरी टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावले की रक्तात वाढणारा आकडा, १९ इतका जास्त निघाला. सकाळची शाळा, सहाची लोकल, आणि म्हणून गोळी, कॅल्शियम आणि चहा असे तिन्ही एकदम पोटात जात होते. ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते, चहा-नाश्त्याच्या किमान अर्धा तास आणि शक्यतो एक तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत व तिच्यात चार तासांचे अंतर ठेवायचे असते. त्यांची वेळ सुधारली, फिजिशियननी मात्रा थोडी बदलली, आणि काही महिन्यांत हातांचा त्रास इतका कमी झाला की ऑपरेशनचा विषय मागे पडला. प्रत्येकीचे असे होईलच असे नाही, पण टीएसएच न पाहता दुसऱ्या ऑपरेशनची तारीख देणे मला पटत नाही.

दुसरी तपासणी साखरेची. ‘बॉर्डर’ हा शब्द फार दिलासा देतो, म्हणून एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी करून नेमका आकडा पाहावा. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. साखरेने नस आतून कमकुवत होते आणि मग थोडा दाबही तिला सहन होत नाही. वजन वाढले असेल, पाळी जाण्याचा काळ असेल, सकाळी बोटांचे सांधे अर्धा-पाऊण तास आखडत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. शेवटचे लक्षण संधिवाताकडे बोट दाखवते. इतर वाचकांसाठी एक उपसूचना येथेच करते. साठी ओलांडलेल्या पुरुषाला दोन्ही हातांचा कार्पल टनेल असेल, आणि त्याबरोबर धाप लागणे किंवा पायांवर सूज असेल, तर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा हृदयविकार शोधावा लागतो. मनगटाचा त्रास त्याच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतो. बराच काळ डायलिसिसवर असलेल्यांमध्येही वेगळ्या प्रकारचे अमायलॉइड बोगद्यात साठते.

कामाचा वाटा किती? ऐरोलीच्या आयटी कंपन्यांतली मुले कीबोर्डला दोष देत येतात, पण कीबोर्डविरुद्धचा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही. जोर लावून वारंवार केलेली पकड, वाकलेले मनगट आणि यंत्राची थरथर यांच्याविरुद्धचा पुरावा त्याहून बराच बळकट आहे. वागळे इस्टेटमध्ये ग्राइंडर धरणाऱ्या कामगाराचा आणि तुमचा हात या दृष्टीने एकमेकांना जवळचे आहेत. दीडशे पोळ्यांना चार किलोंच्या वर कणीक लागते, आणि माझ्या मते तुमचा खरा शत्रू लाटणे नाही, मळणे आहे. मळताना मनगट मागे मोडलेले असते, अंगाचा भार तळहाताच्या बुडावर येतो, म्हणजे बरोबर जुन्या व्रणावर. लाटतानाही अनेकजणी लाटणे बोटांत घट्ट पकडून तळहाताच्या टाचेने दाबतात. एकदा लाटून झाल्यावर तळहात पाहा. पीठ कुठे घासून गेले आहे त्यावरून दाब कुठे येतो ते कळते.

आता निदानाकडे. तुम्हाला घरी करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. एका कोऱ्या कागदावर दोन्ही हात ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढा. रात्री जाग येईल तेव्हा, डोळ्यांवर झोप असतानाच, जिथे मुंग्या आहेत तेवढाच भाग रंगवा. सकाळी आठवून रंगवू नका, कारण सकाळी विचारले की सगळेजण ‘पूर्ण हात’ म्हणतात. अंगठा, तर्जनी, मधले बोट रंगले आणि करंगळी कोरी राहिली तर मनगटाची बाजू भक्कम होते. करंगळीच जास्त रंगली तर कोपराजवळची दुसरी नस पाहावी लागते. रंग मानेपासून दंडावरून खाली येत असेल, मान वळवल्यावर वाढत असेल आणि हात डोक्यावर ठेवल्यावर बरे वाटत असेल, तर संशय मानेवर. हात झटकल्यावर बरे वाटणे ही मात्र जुनी आणि बरीच विश्वासार्ह खूण मनगटाची आहे. दोन्ही तळपाय आधीपासून बधिर असतील तर साखर किंवा बी १२ यांचा विचार आधी.

मानेच्या एमआरआयबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पन्नाशीच्या आसपास कुणाच्याही मानेचा एमआरआय काढला तर त्यात चकती सरकल्याचे किंवा झिजल्याचे काही ना काही बहुधा सापडतेच, त्रास असो वा नसो. म्हणून मानेची लक्षणे असतील किंवा तपासणीत दंडाची ताकद, हातोडीने ठोकल्यावर हाताला येणारे झटके यांत फरक दिसला तरच तो काढावा. अन्यथा एका प्रश्नाचे दोन होतात. मान आणि मनगट या दोन्ही ठिकाणी एकच नस थोडी थोडी दबलेली असू शकते, ही कल्पना १९७३ पासून मांडली जाते आणि असे रुग्ण दिसतातही. त्यांचे मनगट सोडवले तर सुधारणा होते, पण ती अर्धवट राहू शकते हे आधी सांगून ठेवावे लागते.

डॉक्टरांनी प्रत्यक्ष हात पाहताना काय करायला हवे तेही सांगते, कारण रिपोर्ट पाहूनच निर्णय घेण्याची घाई वाढली आहे. मनगट एक मिनिट वाकवून धरणे, बोगद्यावर अंगठ्याने अर्धा मिनिट सलग दाब देणे, व्रणावर टकटक करून कळ नेमकी कुठून निघते ते पाहणे, आणि अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा दोन्ही हातांत तुलनेने तपासणे, एवढ्याला पाच मिनिटे पुरतात. हा उंचवटा तुम्हीही पाहू शकता. दोन्ही तळहात उजेडात शेजारी धरा. एका बाजूला तो सपाट झाला असेल, खड्डा पडल्यासारखा दिसत असेल, किंवा ब्लाउजचे हूक लावणे, सुईत दोरा ओवणे, नाणे उचलणे जमेनासे झाले असेल, तर पुढे लिहिलेले सहा आठवडे थांबण्याचे वेळापत्रक तुम्हाला लागू नाही. लवकर दाखवा.

नसेच्या वेगाची तपासणी, जिला आपण एनसीएस म्हणतो, ती करायला हवी, पण तिचा अर्थ लावताना एक चूक फार होते. यशस्वी ऑपरेशननंतरही हा वेग अनेकदा पूर्ण सामान्य होत नाही. वर्षानुवर्षे तक्रार नसलेल्या हाताचाही रिपोर्ट ‘कार्पल टनेल आहे’ असाच येऊ शकतो. त्यामुळे आजचा एकटा रिपोर्ट फारसे सांगत नाही. तीन वर्षांपूर्वीचा, ऑपरेशनच्या आधीचा रिपोर्ट आणि नंतर कधी केला असेल तर तोही शेजारी ठेवला, की वेग सुधारून पुन्हा घसरला आहे का ते दिसते. घरातली फाइल शोधा. डिस्चार्ज कार्ड सापडले तर त्यावर ऑपरेशन उघड्या पद्धतीने झाले की दुर्बिणीने, हेही कळेल. जाणकार हातांनी केलेली सोनोग्राफी मला अशा वेळी आवडते, कारण छप्पर कुठे शिल्लक आहे का, नस कुठे फुगली आणि कुठे चपटी झाली आहे, ती बोटांबरोबर सरकते की जागीच अडते, आत गाठ आहे का, हे तिच्यात हलताना पाहता येते.

इथवरचे तुमच्यापुरते सांगायचे तर, आजार खरा परतलेला वाटतो, कारण शरीरातले असण्याची बरीच शक्यता आहे, आणि अंगठ्याचा उंचवटा शाबूत असेल तर तुमच्याकडे विचार करायला वेळ आहे. हा वेळ नुसता थांबण्यात घालवायचा नाही.

रात्रीचा पट्टा हा पहिला उपाय. मेडिकलमधून आणलेल्या बहुतेक पट्ट्यांत धातूची एक वाकडी पट्टी असते, ती मनगट मागे वाकवून ठेवते. त्या कोनात बोगद्यातला दाब वाढतो. ती पट्टी खणातून बाहेर काढा, ओट्याच्या कडेवर दाबून सरळ करा आणि परत घाला. तळहात आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात एका रेषेत राहायला हवेत. पट्टा आवळायचा नाही, एक बोट आत सहज जायला हवे. दोन्ही हातांना, रोज रात्री, किमान सहा आठवडे. चार रात्री घालून ‘उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. दिवसा काम करताना तो घालू नका, कारण पट्ट्याविरुद्ध जोर लावल्याने हात अधिक थकतो.

कामात बदल दुसरा. तुमचा व्यवसाय बंद करा असे मी सांगणार नाही. घर त्यावर चालत असेल तर तो सल्ला कुणी पाळतही नाही. कणीक मळण्याचे यंत्र घेता आले तर घ्या. पहिल्या ऑपरेशनच्या खर्चाशी तुलना केली तर ते महाग वाटणार नाही. तोवर कणीक थोडी सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवा, म्हणजे मळायला जोर कमी लागतो, आणि तेवढे मळणे घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. लाटणे जाडसर घ्या आणि उघड्या तळव्यांखाली फिरवा. पोळपाट कंबरेच्या पातळीला असावा, उंच ओट्यावर लाटताना मनगट मोडते. पन्नास पोळ्यांनंतर पाच मिनिटे हात मोकळे सोडा. ओले कपडे पिळणे बंद. डबे पोहोचवायला स्कूटर चालवत असाल तर घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत हँडल मुठीत आवळले जाते, तिथे पकड जाणीवपूर्वक सैल ठेवा.

गोळ्यांविषयी थोडक्यात लिहिते. बी १२ कमी असेल तर ते जरूर भरून काढावे. आपल्याकडे शाकाहारी मंडळींत आणि मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्यांत ते अनेकदा कमी असते, पण ते रक्त तपासून ठरवावे. बी ६ ने कार्पल टनेल बरा होतो असे सिद्ध झालेले नाही, उलट ते दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतले तर स्वतःच नसांना इजा करते. तुमच्या गोळ्यांच्या पाकिटामागे त्याची मात्रा वाचून पाहा. प्रीगाबालिनसारख्या गोळ्या मुंग्यांची जाणीव कमी करतात, बोगद्यातला दाब कमी करत नाहीत. त्यांच्यावर महिनोन्‌महिने काढले तर नस आत दबत राहते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. नस सरकवण्याचे व्यायाम हळुवारपणे करायला हरकत नाही, त्यांचा पुरावा मध्यम आहे. व्यायामाने मुंग्या वाढल्या तर थांबवा.

पट्टा आणि कामातल्या बदलांनी सहा आठवड्यांत भागले नाही तर बोगद्यात स्टिरॉइडचे एक इंजेक्शन, शक्य तर सोनोग्राफीखाली, हा पुढचा टप्पा. त्याने बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो, पण तो टिकतोच असे नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश चाचणीत, पट्ट्याने बरे न वाटलेल्या आणि आधी ऑपरेशन न झालेल्या रुग्णांना इंजेक्शन दिले होते. वर्षभरात ८० मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी ७३ टक्के आणि नुसते खोटे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९२ टक्के ऑपरेशनपर्यंत पोहोचले. म्हणजे फायदा खरा आहे आणि मर्यादाही खरी आहे. परतलेल्या आजारात मी त्याचा उपयोग निदानासाठीही करते. इंजेक्शनने पंधरा दिवस का होईना झोप शांत लागली, तर गडबड बोगद्यातच आहे याची खात्री वाढते आणि पुढे ऑपरेशन करावे लागलेच तर त्याचा उपयोग होण्याची आशाही वाढते. साखर उंबरठ्यावर असल्याने इंजेक्शननंतर काही दिवस ती चढेल, म्हणून आधी फिजिशियनला कळवा. तीच ती इंजेक्शने वारंवार घेत राहण्याच्या मात्र मी विरोधात आहे.

दुसरे ऑपरेशन मी केव्हा सुचवते? थायरॉइड आणि साखर आटोक्यात आल्यावरही रात्रीची जाग चालू असेल, सोनोग्राफीत नस अडकलेली किंवा आवळलेली दिसत असेल आणि जुन्या रिपोर्टच्या तुलनेत वेग घसरला असेल, तेव्हा. उंचवटा झिजू लागला असेल, तर यातल्या कशाचीच वाट न पाहता. हे ऑपरेशन पहिल्याची पुनरावृत्ती नसते. पहिल्या वेळी छोट्या छेदातून दहा-पंधरा मिनिटांत काम होते. दुसऱ्या वेळी छेद लांब घ्यावा लागतो आणि व्रणाच्या वर व खाली, जिथे ऊती अजून मूळच्या आहेत तिथे नस आधी शोधून, मग हळूहळू व्रणाकडे सरकावे लागते. व्रणाच्या ठिकाणी नस आणि छप्पर यांची सीमा अनेकदा डोळ्यांना दिसतच नाही, आणि इथेच घाई अंगाशी येते. नस मोकळी केल्यावर ती पुन्हा चिकटू नये म्हणून करंगळीच्या बाजूच्या तळहातातल्या चरबीचा एक पदर, त्याचा रक्तपुरवठा राखून, नसेवर पांघरूण म्हणून घालतात. सुजलेल्या अस्तराचा तुकडा मी तपासणीला पाठवते.

निकालाबद्दल अपेक्षा मापात ठेवावी. दुसऱ्या ऑपरेशननंतर बहुतेकांना फरक पडतो, परंतु पहिल्यासारखी लख्ख सुटका होण्याची खात्री कमी असते. व्रण काही महिने दुखरा राहतो, पकडीची ताकद यायला तीन महिने किंवा अधिक लागतात, आणि तेवढा काळ मळणे बंदच. म्हणून शस्त्रक्रियेसाठी नेहमी अशी कामे करणारा, आणि ‘आधी असे किती केले’ या प्रश्नाने न चिडणारा सर्जन निवडा. डाव्या हाताला ऑपरेशन लागलेच तर ते पहिलेच असेल, आणि त्याच्याकडून चांगल्या निकालाची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. उजव्याच्या नादात त्याला मागे टाकू नका.

तर या आठवड्यात टीएसएच, एचबीए१सी आणि बी १२ यांसाठी रक्त द्या, गोळीची वेळ बदला आणि पट्ट्यातली पट्टी सरळ करा. टीएसएच बिघडलेले निघाले आणि मात्रा बदलली, तर ते पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी पाहतात. ही मुदत आणि पट्ट्याचे सहा आठवडे जवळपास एकदमच भरतील. तोवर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशोब लिहिता तिथेच, रात्री किती वेळा जाग आली तो आकडा रोज लिहा, उजव्यासाठी ‘उ’ आणि डाव्यासाठी ‘डा’. मुदत संपल्यावर ती पाने, रंगवलेला कागद, जुना आणि नवा एनसीएस असे सगळे घेऊन हाताच्या सर्जनकडे जा, आणि त्यांनी ते पाहून आधी तुमचा हात हातात घेतला, तर निम्मे काम तिथेच झाले असे समजा.